सासरेबुवांची सावलीची बाजू

मी सासऱ्यांचं चित्र काढीन असं मी म्हणालो नव्हतो. मी म्हणालो होतो, "चित्र काय, कोणीही काढेल." या दोन वाक्यांतला फरक चौथीतल्या पोरालाही कळेल. पण आमच्या घरात व्याकरणापेक्षा साक्षीदारांना किंमत, आणि त्या दुपारी जेवायला तीन साक्षीदार हजर होते: आमची ही, तिचा धाकटा भाऊ आणि खुद्द सासरे.

विषय निघाला होता सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीचा. मेहुण्याचं म्हणणं असं की बाबांचा एक चांगला फोटो दुकानात द्यायचा. ते लोक मशीनवर तो कॅनव्हासवर छापतात, वरून ब्रशचे फटकारेसुद्धा उमटवतात, अगदी हाताने काढल्यासारखं. हे 'अगदी हाताने काढल्यासारखं' मला लागलं. माझा कलेशी संबंध म्हणजे आठवीत मिळालेलं उत्तेजनार्थ बक्षीस, तेही स्पर्धेत चौघंच होते म्हणून. पण मेहुणा जे आणतो ते मशीनचं असतं, झटपट झालेलं असतं आणि सगळे त्याचं कौतुक करतात, हे मी बावीस वर्षं मुकाट्याने बघत आलो आहे. माणसाच्या सहनशक्तीला काही सीमा असते. म्हणून मी ते वाक्य बोललो.

"मग काढाच भाऊजी," मेहुणा म्हणाला. "चांगले चार महिने आहेत."

हिचा वाढणारा हात थांबला. "तुम्ही?" एवढंच ती म्हणाली.

सासऱ्यांनी मान वर केली. मोजणी खात्यात चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून ते निवृत्त झाले. कुठल्याही माणसाकडे त्याने शेजाऱ्याची हद्द ढापल्यासारखं बघायची त्यांना सवय आहे. तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढचा घास घेतला. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, ते दोन गल्ल्या सोडून एकटे राहतात आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येतात. जेवतात, वर्तमानपत्र वाचतात आणि जातात. त्यांच्यावर छाप पाडायची माझी काही इच्छा होती असं कुणी समजू नये. मला फक्त मशीनचा राग आला होता.

पुढच्याच रविवारी चोवीस रंगांची पेटी आणून मी त्यांचा फोटो समोर ठेवला आणि डाव्या डोळ्याच्या पापणीपासून सुरुवात केली. पापणी उत्तम साधली, एकेक केस मोजून घ्यावा अशी. तिच्या मानाने डोळा मोठा झाला, डोळ्याच्या मानाने नाक वाढवावं लागलं, आणि तोंडाशी पोचेपर्यंत कागद संपला. हनुवटीला जागाच राहिली नाही. मी ती मानेतच उरकली आणि गालांना गुलाबी रंग दिला.

ही बराच वेळ बघत उभी राहिली. मग तिने मनापासून प्रयत्न केला, हे मला कबूल केलं पाहिजे. "आपल्या गॅसवाल्याची थोडी झाक आहे," ती म्हणाली. "पण त्याला हनुवटी आहे."

अशा प्रसंगी कुणीही समंजस माणूस मशीनला शरण गेला असता. मी मागच्या गल्लीतल्या निवृत्त चित्रकलेच्या बाईंकडे गेलो.

बाई दिसायला लहानखुऱ्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं हळू. त्यांनी माझं चित्र हातात घेतलं, उलटं धरलं, आणि म्हणाल्या, "आता बरं दिसतंय." मग सुलटं केलं. "यात रेखाटन नाही, छटा नाही आणि घाट नाही, सगळं सपाट."

"रंग आहे की," मी म्हणालो.

"म्हणूनच तर बाकीचं नाही ते इतकं उठून दिसतंय."

त्यांनी माझी चोवीस रंगांची पेटी घेऊन सरळ आपल्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. पन्नाशी उलटलेल्या, पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क असलेल्या माणसाची वस्तू अशी जप्त करायचा अधिकार त्यांना कुणी दिला, हे मी विचारणार होतो. पण तोवर त्यांनी माझ्या हातात एक अंडं ठेवलं होतं, आणि हातात अंडं असताना माणसाला आवाज चढवता येत नाही.

"आधी हे," त्या म्हणाल्या. "एका बाजूने उजेड घ्यायचा. दुसरीकडून कुठूनही नको. आणि डोळे किलकिले करून बघायचं. डोळे बारीक केले की बारकावे जातात, फक्त उजेडाचे आणि अंधाराचे भाग उरतात. ते आधी. पापण्या मागाहून."

त्याआधी नऊ पायऱ्यांची एक पट्टी करायची होती: एका टोकाला कागदाचा पांढरा, दुसऱ्या टोकाला मिट्ट काळा, मध्ये सात करडे, प्रत्येक आधीच्यापेक्षा सारख्याच अंतराने गडद. ऐकायला सोपं वाटतं. वाचकांनी करून बघावं. माझी पाचवी आणि सहावी पायरी आठवडाभर एकमेकींपासून वेगळी व्हायला तयार नव्हती. बाईंच्या मते माझ्या पट्टीत चार पायऱ्या आणि एक घसरगुंडी होती.

अंड्याचं प्रकरण त्याहून गंभीर. आमच्या मधल्या खोलीत दोन खिडक्या, त्यामुळे अंड्यावर दोन्हीकडून उजेड येई आणि घाट नाहीसा होई. मी उजवी खिडकी काळ्या कागदाने आतून पूर्ण झाकली. डाव्या खिडकीजवळ टेबल, टेबलावर पांढरं कापड, त्यावर अंडं. मग कुठे मला पहिल्यांदा दिसलं की पांढरं अंडं पांढरं नसतंच. त्याची सावलीकडची बाजू शेजारच्या मळकट भिंतीपेक्षा गडद होती. मी हिला हाक मारून हे दाखवलं. ती म्हणाली, "अंडं जुनं झालं असेल." दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर तिने ते उकडून खाल्लेलं.

"ते मॉडेल होतं," मी म्हणालो.

"फ्रिजमध्ये अजून पाच आहेत."

"त्यांचा घाट वेगळा आहे." हे मी शांतपणे सांगितलं, तरी ती बहिणीशी फोनवर त्या दिवशी खूप वेळ बोलली.

तिसऱ्या आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. आमचे सेक्रेटरी वृत्तीने सज्जन आहेत, पण नियमावली त्यांनी पाठ केली आहे आणि पाठ केलेलं वाया जाऊ नये असं त्यांना वाटतं. खालून बघताना आमची एक खिडकी काळी दिसते, अशी तीन जणांची तक्रार होती. मी त्यांना आत नेलं. अंधारी खोली, मध्ये एकच खुर्ची, खुर्चीवर एका बाजूने पडलेला उजेड.

"इथे तुम्ही नक्की काय करता?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"सासऱ्यांना बसवणार आहे."

त्यांनी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "त्यांना कल्पना आहे का?"

सगळं समजावून सांगितल्यावर ते जरा सैल झाले, पण इमारतीच्या बाहेरून दिसणाऱ्या स्वरूपात बदल करायचा तर अर्ज हवा म्हणाले. जाता जाता त्यांनी सल्लाही दिला: चेहरा काढायचा तर आधी मिशी काढावी, मिशी जमली की माणूस जमतो. सासऱ्यांना मिशी नाही असं मी सांगितलं. "मग अवघड आहे," असं म्हणून त्यांनी मान हलवली. समोरच्या दारातल्या कंपाउंडरकाकांचं मत की खरी मेख कानात असते. तळमजल्यावरच्या शिंप्याने खांद्यापासून वर जायला सांगितलं. गेल्या वर्षी आमचा नळ गळत होता तेव्हा यांतला एकही माणूस फिरकला नव्हता, ही गोष्ट मी इथे फक्त नोंदवतो.

अर्जाला 'प्रस्तावित बदलाची आकृती' जोडायची होती. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे कुणीतरी अधिकृतपणे चित्र मागितलं होतं. मी दोन संध्याकाळी खपून खिडकी काढली. चौकटीची जाडी दिसेल अशी, काचेवर उजेड, गजांची सावली सज्ज्यावर तिरपी पडलेली. नवव्या पायरीपर्यंत सगळ्या छटा वापरल्या. बाईंनी ती बघून "हं" केलं, आणि बाईंचं "हं" म्हणजे काय हे त्यांच्या विद्यार्थ्यांनाच कळेल. चार दिवसांनी अर्ज परत आला. शेरा होता: 'आकृती अस्वच्छ. डाग पुसून पुन्हा सादर करावी.'

डाग. मी तो कागद कितीतरी वेळ हातात धरून बसलो होतो. शेवटी पट्टीने एक चौकोन आखला, आत 'काळा कागद' असं लिहिलं, आणि परवानगी मिळाली.

एव्हाना डोळे किलकिले करायची सवय अंगात मुरली होती. रस्त्याने जाताना झाडं, बसथांबे, माणसं, सगळं मी उजेड-अंधारात विभागत असे. ऑफिसात आमचे साहेब खिडकीपाशी बसतात. उजेड डावीकडून, कपाळाला केसांचा अडथळा नाही. अभ्यासाला इतका सुबक गोल मला दुसरा मिळाला नसता. ते बोलत असताना मी डोळे बारीक करून बघत असे. आठ-दहा दिवस त्यांनी सहन केलं. मग मला पत्र आलं की आपल्या दृष्टीत दोष असल्याचं निदर्शनास आलं आहे, नोंदवह्यांचं काम जबाबदारीचं असल्याने नेत्रतपासणीचा दाखला सादर करावा.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी अर्धा तास तपासलं. भिंतीवरची शेवटची ओळ मी वाचली, त्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. त्यांनी खूश होऊन दाखला दिला: 'दृष्टी उत्कृष्ट. डोळे बारीक करण्याचे कोणतेही वैद्यकीय कारण आढळून आले नाही.'

माणसाचं निर्दोषत्व त्याला किती महागात पडू शकतं याचं हे उदाहरण शाळेत शिकवायला हवं.

"वैद्यकीय कारण नाही," साहेब दाखला खाली ठेवून म्हणाले. "म्हणजे तुम्ही माझ्याकडे मुद्दाम तसं बघता."

"बघतो साहेब, पण तुमच्याकडे म्हणून नाही. उजेडाकडे."

"लेखी खुलासा द्या."

मी दिला. चांगला पावणेदोन पानी दिला. उजेडातला सर्वांत गडद भागसुद्धा सावलीतल्या सर्वांत उजळ भागापेक्षा उजळच असतो, हा सिद्धांत मी त्यात मांडला, आणि उदाहरण म्हणून साहेबांचं कपाळ आणि मागच्या कपाटाची पांढरी बाजू यांची तुलना केली. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. माझं टेबल दुसऱ्या दिवशी जिन्याजवळ हलवण्यात आलं, जिथून साहेब दिसत नाहीत. मी काय सोसत होतो हे घरी कुणालाही ठाऊक नव्हतं. सांगितलं तेव्हा ही इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

पंच्याहत्तरीला पाच आठवडे उरले तेव्हा बाईंनी अंड्यातून माझी सुटका केली. रंगांची पेटी मात्र कपाटातच राहिली. "काळ्या आणि पांढऱ्या तैलरंगात काढा," त्या म्हणाल्या. "त्यात जमलं तर रंग नसला तरी चालतं. त्यात नाही जमलं तर रंग घालून काही होत नाही. आणि फोटो नको. माणूस बसवा."

माणूस बसला. रविवारी जेवण झाल्यावर सासरे निमूटपणे खुर्चीत बसले, हे आश्चर्यच म्हणायचं. पण पेन्सिल धरलेला हात लांब करून मी त्यांच्या चेहऱ्याची मापं घ्यायला लागलो, तेव्हा त्यांच्यातला मोजणी अधिकारी जागा झाला.

"कोपर वाकतंय तुमचं," ते म्हणाले. "मोजणीची साखळी वाकली तर माप चुकतं."

मी कोपर सरळ केलं.

"आता एक डोळा मिटा. दोन्ही उघडे ठेवून कुणी निशाण धरतं का."

दुसऱ्या रविवारी त्यांनी खिशातून सहा इंची पट्टी काढली, आरसा मागवला आणि स्वतःचा कान मोजला. माझ्या कागदावरचा कान त्यांच्या मते वरच्या हद्दीत घुसला होता. मी फेरमोजणी केली. कान खरोखरच घुसला होता. संतापाची गोष्ट अशी की प्रत्येक वेळी त्यांचंच बरोबर निघे. मॉडेलने गप्प बसायचं असतं, हे बाईंनी मला सांगितलं होतं. ते त्यांना जाऊन कुणी सांगायचं?

रेखाटन जुळलं आणि मी छटांकडे वळलो. डोळे किलकिले केले. तेव्हा कान, नाक, सासरेपण, सगळं विरघळून गेलं. डावीकडे उजेडाचा एक भाग, उजवीकडे अंधाराचा एक भाग, आणि मध्ये हळूच वळणारी कड. उजव्या डोळ्याच्या जागी मला डोळा दिसलाच नाही. नुसता एक खोल खड्डा होता, आठव्या पायरीचा. गालाच्या हाडाखाली दुसरा. सदऱ्याची कॉलर मानेपासून दोन बोटं लांब उभी होती आणि त्या फटीत मिट्ट काळोख. फोटोतली मान कॉलरला टेकलेली होती. मला एकदा वाटलं, हा काळोख थोडा कमी करावा. पण बाईंचा चष्मा डोळ्यांसमोर आला आणि मी जे दिसत होतं ते लावलं.

पुढच्या दोन बैठकांत त्यांनी पट्टी काढली नाही. एकदा मध्येच म्हणाले, "तुम्ही बघता त्याचा त्रास होत नाही हो. मला वाटलं होतं, होईल." मी नाकपुडीवर होतो, त्यामुळे "हलू नका" एवढंच म्हणालो.

वाढदिवसाला घर भरलं. मेहुण्याने चमकत्या कागदात बांधलेलं त्याचं चित्र आधी उघडलं. त्यात सासरे साठीचे होते. केस काळे, गाल टमटमीत, कपाळ लिंबू चोळून पुसलेल्या भांड्यासारखं चकचकीत, आणि वरून ब्रशचे ते मशीनचे फटकारे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्या चित्रावरचं कापड काढलं.

सगळ्यांत आधी मेहुण्याचा एक मित्र बोलला. "लाइट गेली होती का?"

मेहुण्याच्या बायकोने विचारलं, "अर्धंच झालंय ना हे? उरलेलं कधी करणार?" सेक्रेटरी पुढे झाले, वाकून बघितलं आणि उजव्या गालाला उद्देशून म्हणाले, "इथे जरा डाग राहिलेत." कंपाउंडरकाकांनी कान बरा आहे म्हणून मला दिलासा दिला. मेहुणा सगळ्यांत प्रेमळपणे वागला, आणि तेच मला सर्वांत झोंबलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "भाऊजी, एवढ्या कष्टाचं आहे. त्या काळ्या बाजूला थोडा पांढरा मारा की झालं. वाढदिवसाला जरा उजळ दिसलेलं बरं."

मी आयुष्यात फारसा कुणाला नाही म्हटलेलं नाही. ऑफिसात तर कधीच नाही. पण तेव्हा माझ्या तोंडून आलं, "नाही मारणार."

"अहो, नुसता हलका हात."

"हलकाही नाही. सावलीत पांढरा घातला की घाट जातो. डोकं सपाट होतं. तुझ्या त्या चित्रात बघ, बाबांच्या गालावरून इस्त्री फिरवल्यासारखी दिसते. त्याला मागची बाजूच नाही. ह्या डोक्याला आहे. याच्या मागे हात घालून धरता येईल." माझा आवाज वाढला असावा, कारण स्वयंपाकघरातली मंडळी दारात आली. "चार महिने मी अंडी बघितली. माझं टेबल जिन्यात गेलं. माझ्या खिडकीला डाग म्हटलं गेलं. आता या गालाला कुणी हात लावायचा नाही."

मेहुण्यासकट सगळे जरा मागे सरकले. ही तेवढी चित्राच्या अगदी जवळ गेली. मला वाटलं तिला गॅसवाला आठवतोय. ती खूप वेळ त्या कॉलरपाशी बघत राहिली, आणि मग वळून चित्राकडे नाही, बाबांकडे बघायला लागली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही रोज दोन्ही वेळ जेवता ना?"

सासऱ्यांनी खिसा चाचपला. ते उठले, चित्रापुढे आले, खिशातून पट्टी काढली. नाकाची लांबी मोजली, मग भुवईपासून हनुवटीपर्यंत. "नाक थोडं लांब झालंय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बाकी हद्दी बरोबर आहेत. काही खोडू नका." आणि मग, हिच्याकडे न बघता, "एकट्यासाठी रात्रीचं कोण करत बसतं."

त्यानंतर रात्रीचा डबा रोज आमच्याकडून जायला लागला. मेहुण्याच्या चित्राला त्यांच्या बैठकीच्या खोलीत दर्शनी भिंत मिळाली, माझं आत कपाटाच्या बाजूला, जिथे आल्यागेल्याची नजर जात नाही. या वाटणीबद्दल मी अजूनही नाराज आहे आणि तसं त्यांना सांगितलंही आहे. ते म्हणाले, बाहेरचं पाहुण्यांसाठी आहे.

माझ्यापुरतं मी ठरवलं होतं की झालं एवढं पुरे. पुढच्या रविवारी सकाळीच काळा कागद फाडायला मी खुर्चीवर चढलो होतो. तेवढ्यात बेल वाजली. सासरे आले होते, जेवायच्या वेळेच्या चांगले तीन तास आधी, इस्त्रीचा सदरा घालून. आत आले, मी खुर्चीवरून उतरेपर्यंत थांबले, आणि मग ती उजेडाच्या बाजूला ओढून तिच्यावर बसले.

"बाबा, चित्र झालं," मी म्हणालो.

"चेहरा झाला," ते म्हणाले. "मी काल तुमच्या बाईंना जाऊन भेटलो. त्या म्हणाल्या, चेहरा त्यातल्या त्यात सोपा असतो. हात काढणं खरं अवघड. पाच बोटं, प्रत्येकाची सावली वेगळी."

"असेल. पण मला आता वेळ..."

"नीट हात काढायला किती दिवस लागतात, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, रोज थोडं केलं तर सहा-आठ महिने. रविवारचंच केलं तर काही सांगता येत नाही."

ऑफिसात जिन्याजवळचं टेबल, सोसायटीत नाव झालेलं, घरात अंड्यांवरून अजून टोमणे चालू. याउपर माझे सगळे रविवार परस्पर ठरवून टाकण्यात आले होते, आणि माझं मत कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांना स्पष्ट सांगायला तोंड उघडलं.

त्यांनी डावा हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला, बोटं थोडी सैल केली, मनगट उजेडाकडे वळवलं.

"असा चालेल का?" त्यांनी विचारलं. "की थोडा पुढे घेऊ?"

मी डोळे किलकिले केले.